क्रिकेटवीर बाळू पालवणकर

भातकापणी आटोपली, की पोलादपूरच्या आसपासची सावित्रीकाठची शेते मोकळी होतात. जमीन वाळून टणक झाली, की मुले तीन काठ्या रोवतात आणि क्रिकेटचा डाव मांडतात. चेंडू कोणाच्या हाती द्यावयाचा, याचा विचार करताना एकच प्रश्न पुढे येतो : समोरचा गडी बाद कोण करील? चेंडू टाकणाऱ्याचे घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, त्याचे वाडवडील कोणता धंदा करीत होते, हे विचारण्याचे कारणच नसते. परंतु हाच साधा न्याय मिळविण्यासाठी एका थोर खेळाडूला सारे आयुष्य झुंजावे लागले. भारतातील पहिला मोठा गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते हे बाळू पालवणकर.

पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला, की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील पालवण हे या घराण्याचे मूळ गाव. त्यावरूनच पालवणकर हे आडनाव आले. घराणे चर्मकार समाजातले. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याची, देवळात जाण्याची, इतरांच्या पंक्तीला बसण्याची त्यांना बंदी असे. कोकणातील अशा अनेक कुटुंबांनी पोटासाठी आणि थोड्याशा मोकळ्या हवेसाठी सैन्याची वाट धरली होती. बाळूचे वडीलही सैन्याच्या सेवेत होते. १८७६ च्या सुमारास धारवाड येथे बाळूचा जन्म झाला आणि त्याचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले.

लष्करातील गोरे अधिकारी सायंकाळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेली फळी आणि झिजलेला चेंडू हेच बाळूचे आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम याचे खेळाचे पहिले साहित्य होते. शिकविणारा कोणी नव्हता. पाहावे, आठवावे आणि करून पाहावे, एवढीच त्यांची शाळा.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे बाळूला लवकरच कामाला लागावे लागले. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे काम त्याला मिळाले. पगार दरमहा ३ रुपये. कधी गंमत म्हणून सभासद त्याला चेंडू टाकावयास सांगत. पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर कामास लागला. जाळी उभारणे, खेळपट्टी आखणे, पाणी मारणे आणि रूळ ओढणे, ही त्याची कामे. खेळणे हे त्याच्या कामात नव्हते. परंतु त्याच्या हातातील चेंडू सरळ जाता जाता अचानक वळतो, हे एका गोऱ्या सभासदाच्या ध्यानी आले आणि त्याने बाळूला जाळीत गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले.

बाळू डावखुरा होता. त्याची गोलंदाजी मंदगती असली, तरी मंद म्हणजे सोपी नव्हे. प्रत्येक चेंडूची उंची निराळी, वेग निराळा आणि वळण निराळे. हाताची हालचाल मात्र तीच दिसे. त्यामुळे पुढे काय येणार, याचा अंदाज फलंदाजाला लागत नसे. त्या वेळी कॅप्टन ग्रेग हा पुण्यातील गोऱ्यांचा सर्वांत नाणावलेला फलंदाज होता. तो इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूने त्याला बाद केले, की दर वेळी तो त्याच्या हातावर आठ आणे ठेवी, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, या सरावाने ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूची गोलंदाजीही पक्की झाली, यात संशय नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या क्लबात बाळूने साहेबांना शेकडो तास चेंडू टाकले; पण फळी हातात घेऊन खेळण्याची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे कष्ट, अशी तेथील समजूत होती.

त्याच सुमारास पुण्यातील हिंदू खेळाडूंचा संघ युरोपियनांना हरविण्याची जिद्द बाळगून होता. त्यांना चांगल्या गोलंदाजाची निकड होती. आणि असा गोलंदाज त्यांच्या डोळ्यांसमोर रूळ ओढीत होता! परंतु त्याला संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. काही खेळाडू त्याच्या बाजूचे होते. काहींना मात्र त्याच्या सोबतीने खेळणे म्हणजे धर्मबाह्य वाटे. बाळूला न घेण्यात हिंदूंचे स्वतःचेच नुकसान आहे, असे ग्रेगने वृत्तपत्रातून स्पष्टपणे कळविले. अखेर बाळूला संघात स्थान मिळाले.

परंतु हे स्थान केवळ सीमारेषेच्या आत होते. मैदानावर सारे जण तोच चेंडू हाताळीत. बाळूच्या हातून सुटलेला चेंडू यष्टिरक्षक झेली आणि पुन्हा तो बाळूकडे येई. त्यात कोणाला विटाळ वाटत नसे. चहाची वेळ झाली, की चित्र पालटे. इतर खेळाडू तंबूत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूला तंबूबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. तोंड धुवावयाचे झाले, तर अस्पृश्य मानलेला एक नोकर मैदानाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी पाणी घेऊन येई. जेवणाचे ताट वेगळे आणि मेजही वेगळे. बळी मिळविणारा तो आणि तंबूबाहेर उभा राहणाराही तोच!

असा अपमान झाला, की मनुष्य एक तर खचतो किंवा कडवट होतो. बाळूने तिसरी वाट धरली. त्याने आपला खेळ इतका वाढविला, की त्याच्यावाचून संघाचे पाऊल पुढे पडेना. त्याच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरविले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूची फिरकी बोथट व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविण्यात आला. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला होता, त्याला त्या खेळपट्टीचे मर्म कोणी वेगळे सांगावयास नको होते. बाळूने सात गडी बाद केले आणि पुण्याचा विजय झाला. पुण्यात त्याचा गौरव झाला. जे खेळाडू बाळूसोबत खेळू शकतात, त्यांना त्याच्यासोबत खाणेपिणे अवघड का वाटावे, असा विचार न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी लोकांपुढे मांडला.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू पालवणकर मुंबईस आले. तेथे १८९४ साली हिंदू जिमखाना स्थापन झाला होता. त्यांच्या प्रवेशाला येथेही विरोध झाला. परंतु गुणांपुढे तो टिकला नाही. मुंबई, बडोदा व मध्य हिंदुस्थान रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईचे वातावरण थोडे अधिक मोकळे होते. हळूहळू जिमखान्यात सहकाऱ्यांच्या बरोबरीने ते जेवणाच्या मेजावर बसू लागले. मातीचे भांडे सुटले. तेथवर पोचण्यास मात्र त्यांना अनेक वर्षे लागली.

त्या काळी मुंबईच्या क्रिकेटमध्ये एक मोठी स्पर्धा आकारास येत होती. आरंभी युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. पुढे १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर ती तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये इतरांचा पाचवा संघ आल्यावर पंचरंगी झाली. हे सामने पाहण्यासाठी हजारो लोक लोटत. भारताचा अधिकृत कसोटी संघ १९३२ सालापर्यंत अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे देशातील नामांकित खेळाडूंची खरी परीक्षा याच स्पर्धेत होई.

या स्पर्धेची नांदी ठरावा असा एक सामना फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत झाला. एका बाजूस राज्यकर्ते युरोपियन आणि दुसऱ्या बाजूस हिंदू. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० धावा जमविल्या. आता युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. परंतु बाळूंच्या फिरकीपुढे त्यांचे फलंदाज टिकले नाहीत. त्यांचा डाव १०२ धावांत संपला आणि हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. शिवराम पालवणकरही याच संघात होते. या विजयाने साऱ्या शहरात आनंद झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे लोकांनी पाहिले. आणि ज्या हातांचा विटाळ मानला जात होता, त्याच हातांनी हा विजय खेचून आणला, हेही विचारी माणसांच्या नजरेतून सुटले नाही.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख असे सर्व खेळाडू होते. बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधू निवडले गेले. हवा परकी, खेळपट्ट्या अनोळखी आणि सामन्यांमागून सामने. संघाला यशापेक्षा अपयशच अधिक आले. परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. लेस्टरशायर संघावरील विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. सॉमरसेटविरुद्ध अवघा एक गडी शिल्लक असताना संघाने सामना जिंकला. त्यात शिवराम शतक काढून नाबाद राहिले. इंग्लंडचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी बाळूंची तुलना होऊ लागली.

बाळू परत आले, तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी एका तरुण विद्यार्थ्याचे नाव जोडले जाते. तो विद्यार्थी म्हणजे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारा भीमराव आंबेडकर. ज्या समाजातील मुलांना शाळेत बाजूला बसविले जाई, त्या समाजातील एका माणसाने केवळ कर्तृत्वाच्या बळावर सातासमुद्रापार नाव मिळविले, याचा त्या तरुणाला अभिमान वाटला.

इतके सारे झाल्यावर हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावे, हे उघड होते. अनुभव त्यांचा, वय त्यांचे आणि कामगिरीही त्यांचीच मोठी. पण वर्षामागून वर्षे गेली आणि कप्तानपद दुसऱ्यांकडेच जात राहिले. एम. डी. पै कप्तान झाले, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने हा मान खरे तर आपले ज्येष्ठ सहकारी बाळू यांना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले. तरीही निवड करणारे बधले नाहीत. बाळूंच्या हाताखाली खेळण्यास काही जण तयार नव्हते. त्यांच्या हाताचा चेंडू चालत होता. त्यांची आज्ञा मात्र चालत नव्हती.

अशा भिंती केवळ भारतातच होत्या असे नव्हे. त्याच काळी अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांची दारे काळ्या वर्णाच्या खेळाडूंना बंद होती. त्यांतील कित्येक गुणी खेळाडू हिवाळ्यात क्यूबासारख्या बेटांवर जात आणि तेथे गोऱ्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळत. अमेरिकेतील ती बंदी १९४७ साली जॅकी रॉबिन्सन याने मोडली. पुढे १९४९ मध्ये क्यूबा, पनामा, पोर्तो रिको आणि व्हेनेझुएला येथील हिवाळी विजेत्यांची कॅरिबियन स्पर्धा सुरू झाली. बाळूंपुढे असे दुसरे बेट नव्हते. त्यांना आपल्याच घरात राहून आपल्याच माणसांशी न्यायासाठी भांडावयाचे होते.

१९२० साली हा प्रश्न उघडपणे पेटला. पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि कप्तानपद अनुभवी पालवणकर बंधूंना डावलून त्यांच्याहून नवख्या खेळाडूकडे देण्यात आले. तेव्हा शिवराम आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल या दोघांनी खेळण्यास नकार दिला आणि आपल्या नकाराचे कारण लोकांपुढे मांडले. दोघेही संघाचे आधारस्तंभ. प्रश्न केवळ एका माणसाच्या मानाचा नसून गुणाला न्याय मिळतो की जन्माला, याचा आहे, हे लोकांना पटले. पुढच्या सामन्याच्या वेळी बाळूंना संघात परत घेण्यात आले आणि त्यांना उपकप्तान नेमण्यात आले. दोन्ही भाऊही परतले. बाळूंची वाटचाल येथवरच झाली. नियमित कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही.

परंतु त्यांनी उघडलेल्या दारातून त्यांचा भाऊ पुढे गेला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी झाला. सामना संपताच प्रेक्षक मैदानात धावले आणि त्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या थोरल्या भावाला तंबूबाहेर चहा दिला जात होता, त्यांना खांद्यावर घेण्यात आता कोणी जात पाहिली नाही. विठ्ठल यांनी पुढे आपल्या खेळाच्या आठवणी मराठीत लिहिल्या. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले.

मैदानावर जे घडत होते, तेच मैदानाबाहेरही घडावयास हवे होते. त्याच १९२३ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. पोलादपूरहून सावित्रीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले, की महाड लागते. तेथील नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ते कागदावरच राहिले. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. पुण्याच्या मैदानातील वेगळे भांडे आणि महाडचे बंद तळे, या दोन्हींच्या मुळाशी एकच अन्याय होता. एक मनुष्य चेंडू हाती घेऊन त्याच्याशी झगडला. दुसऱ्याने साऱ्या समाजाला सोबत घेऊन त्याला आव्हान दिले.

उत्तर आयुष्यात बाळूंनी सार्वजनिक कार्यात भाग घेतला. १९३२ साली झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. दलितांच्या उद्धाराचा मार्ग कोणता, याविषयी त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मतभेद झाले. १९३७ च्या निवडणुकीत तर दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. बाळूंना ११,२२५ मते मिळाली आणि डॉ. आंबेडकर १३,२४५ मते मिळवून निवडून आले. वाटा निराळ्या असल्या, तरी दोघांनाही जन्मावरून ठरणारी उच्चनीचता नकोशी होती. त्याच वर्षी चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला.

बाळूंनी ज्या स्पर्धेत कीर्ती मिळविली, तिच्यातही एक उणीव होतीच. तिचे संघ धर्मावरून पडलेले होते. एकाच नगरातील खेळाडूंनी धर्मानुसार वेगळे व्हावे, हे अनेकांना खटकू लागले. महात्मा गांधींनीही अशा सामन्यांविषयी नापसंती दर्शविली. १९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद झाली. यापुढे खेळाडू आपल्या प्रांताच्या आणि देशाच्या संघातून खेळू लागले.

बाळू पालवणकर यांनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी बाद केले. त्यांच्या उमेदीच्या काळी असे सामने फार थोडे होत, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. स्वतंत्र भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि तिने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने गुन्हा ठरला. पाणवठ्यावर वा उपाहारगृहात कोणाला जन्मावरून अडविण्याची सोय उरली नाही. त्यानंतर महिनाभराने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळूंचे मुंबईत देहावसान झाले. ज्याला एके काळी तंबूबाहेर उभे राहून चहा घ्यावा लागला, त्याने आपल्या हयातीतच देशाचा कायदा बदललेला पाहिला.

कायद्याने दार उघडते. परंतु मनाचे दार ज्याचे त्यालाच उघडावे लागते. मैदानावर संघ निवडताना, वर्गात शेजारी बसताना, सहलीत डबा उघडताना ते उघडण्याची संधी रोज येते. बाळू पालवणकर यांनी कोणाकडेही दया मागितली नाही. त्यांनी हाती आलेला प्रत्येक चेंडू मनापासून टाकला आणि त्या कामाचा योग्य मान मागितला. तो मान त्यांना अर्धाच मिळाला. उरलेला अर्धा मान देणे, म्हणजे गुण पाहून माणसाला जवळ करणे, हे काम त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपविले आहे.